परदेशी गिऱ्हाईक आणि आपली पद्धत: मराठवाड्यातल्या लहान उद्योजकासाठी पायरीपायरीने

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या पट्ट्यात परदेशी पाहुणा दिसला तर आता कोणी मान वळवून बघत नाही. शेंद्र्यात २००१ पासून स्कोडा आहे. पर्किन्स आणि लीभेर आहेत. ऑरिक या शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक नगरीत कोरियाच्या ह्योसंगचा स्पँडेक्स धाग्याचा कारखाना आहे. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने बिडकीनच्या कारखान्यासाठी सामंजस्य करार केला. वाळूजला वाढलेल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एन्ड्युरन्सचे कारखाने इटली-जर्मनीत आहेत. या मोठ्यांकडे सल्लागार असतात, दुभाषे असतात, परदेशी पाहुण्यांची सरबराई करणारा वेगळा विभागही असतो.

हा लेख त्यांच्यासाठी नाही. ज्याच्या शेडमध्ये दहा-पंधरा सीएनसी (संगणकावर चालणारी) मशिनं आहेत, मालक स्वतःच विक्री बघतो, पुतण्या मेल लिहितो आणि जर्मनीहून किंवा जपानहून पहिली चौकशी नुकतीच आली आहे, त्याच्यासाठी आहे. वसमतची हळद दुबईला पाठवू पाहणारा व्यापारी, लातूरचा डाळमिलवाला, जालन्याकडचा द्राक्ष बागायतदार यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

या विषयावर जे लिहिलं जातं त्यात जपान्यासमोर किती वाकायचं आणि कार्ड कोणत्या हाताने द्यायचं यावरच भर असतो. तेही पुढे येईल. पण माझ्या मते त्याला गरजेपेक्षा जास्त भाव मिळतो. शिष्टाचारात चुकलात तर समोरचा ते सोडून देतो, कारण तुम्ही परके आहात हे त्यालाही कळतं. वाईट बातमी उशिरा दिलीत तर मात्र तो सोडत नाही. आणि वाईट बातमी कधी, कोणी, कोणत्या शब्दांत द्यायची, इथेच आपली रीत आणि त्यांची रीत सगळ्यात जास्त वेगळी आहे.

पायरी १: आधी आपल्याच शेडमध्ये डोकावा

दुसऱ्याची संस्कृती शिकण्याआधी आपली कागदावर मांडा. आपल्यालाही एक पद्धत आहे हे आपल्या लक्षात येत नाही, कारण आपण तिच्यातच वाढलो.

आपल्याकडे जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे होत आले. तोंडाने एक आकडा न बोलता दोघांना भाव कळायचा, कारण दोघांना बाजार ठाऊक, बैल ठाऊक आणि एकमेकांचं गावही ठाऊक. आपली औद्योगिक वसाहतही बरीचशी अशीच चालते. मालक म्हणाला, ‘बघतो’, तर ते जमणार नाही हे प्लेटिंगवाल्याला बरोबर कळतं. ‘संध्याकाळपर्यंत देतो’ म्हणजे उद्या दुपारी, हेही कळतं. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हा फरक नीट मांडला. काही समाजांत अर्थाचा मोठा भाग प्रसंगात आणि नात्यात असतो, तर काही समाजांत तो जवळपास सगळा बोललेल्या-लिहिलेल्या शब्दांत असतो. जर्मन, डच, स्कँडिनेव्हियन, अमेरिकन या दुसऱ्या टोकाकडचे. जपानी, अरब, चिनी आणि आपण पहिल्या टोकाकडचे. म्हणून ‘शुक्रवारी पाठवतो’ हे वाक्य जर्मन माणूस शब्दशः घेतो आणि शुक्रवारी त्याचा गोदामवाला मालाची वाट बघत उभा असतो.

दुसरी गोष्ट मान-पानाची. गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने १९६० च्या दशकाच्या शेवटापासून आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांची पाहणी केली. वरिष्ठ-कनिष्ठांमधलं अंतर लोक किती गृहीत धरतात याचा त्याने एक निर्देशांक काढला. मोठा आकडा म्हणजे जास्त अंतर. त्यात भारताचा आकडा ७७, जर्मनीचा ३५ आणि ऑस्ट्रियाचा ११ आहे. आकडे जुने आहेत आणि ते देशाची सरासरी सांगतात, समोरच्या माणसाचा स्वभाव सांगत नाहीत. तरी आपल्या शेडमध्ये हे रोज दिसतं: मालक बोलत असताना क्वालिटीवाला मुलगा गप्प उभा असतो, मालक चुकीचा आकडा सांगत असला तरी.

आता कामाचं. मागच्या दहा ऑर्डरी काढा, देशातल्या चालतील. एका वहीत प्रत्येकीपुढे दोन तारखा लिहा. उशीर होणार किंवा माल नापास होणार हे शेडमधल्या पहिल्या माणसाला कधी कळलं ती एक, आणि गिऱ्हाइकाला आपण कधी सांगितलं ती दुसरी. दोन्हींमधले दिवस मोजा. हा आकडा मालकाने एकट्याने काढू नये. सुपरवायझर आणि डिस्पॅचवाला यांना बसवून काढावा, नाहीतर तो खोटा येतो. हे अंतर चार-पाच दिवस असेल तर परदेशी ग्राहकाआधी ते कमी करायला घ्या. बाकीच्या पायऱ्या त्यानंतर.

पायरी २: ग्राहकाचं एक पान

प्रत्येक परदेशी ग्राहकासाठी एकच पान करा. फाइल नको, ती कोणी वाचत नाही. पानावर देशापेक्षा माणसाची माहिती जास्त हवी: सही कोणाची, तांत्रिक होकार कोणाचा, रोजचा संपर्क कोणाशी, तो मेल वापरतो की फोन, आठवड्याची सुट्टी कधी, पैसे किती दिवसांत.

माणसाची माहिती का, ते दुबईत लगेच कळतं. अरब शेखशी बोलायची तयारी करून जाल आणि समोर खरेदी व्यवस्थापक म्हणून केरळचा किंवा सिंधी माणूस बसलेला असेल. तसंच शेंद्र्यात भेटणारा ‘जर्मन कंपनीचा’ अधिकारी पुण्याचा असू शकतो, आणि वीस वर्षं जर्मनांबरोबर काम करून तो त्यांच्याहून कडक झालेला असतो. देशाबद्दलची माहिती पहिल्या भेटीपुरता अंदाज म्हणून वापरा. माणूस कळला की तो अंदाज खोडा.

पानावर वेळेचं गणितही ठेवा. जर्मनीत सकाळचे ९ म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे दीड आणि उन्हाळ्यात साडेबारा. न्यूयॉर्कचे ९ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. युरोपात घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं. त्या मधल्या आठवड्यांत मीटिंगला तासाभराचा घोळ ठरलेला. जपान आणि कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे आपण सकाळी साडेआठला कुलूप उघडतो तेव्हा तिकडे दुपारच्या जेवणाची वेळ झालेली असते. जपानी ग्राहक असेल तर एका माणसाने सकाळी लवकर येणं आलंच.

पायरी ३: संबोधन, आकडे, तारखा

‘रिस्पेक्टेड सर’ने मेल सुरू करू नका. समोर बाई असली तर पहिल्याच ओळीत फजिती होते, आणि आजकाल युरोपातल्या खरेदी विभागांत बायका भरपूर असतात. जर्मनीत आडनावापुढे ‘हेर’ किंवा ‘फ्राउ’, आणि पीएचडी असेल तर ‘डॉक्टर’ही लावा. पहिल्या नावाने हाक मारायचा प्रस्ताव त्यांच्याकडून येऊ द्या. अमेरिकन माणूस पहिल्याच मेलमध्ये ‘मला माइक म्हणा’ सांगेल. त्याला माइकच म्हणा, ‘माइक सर’ नको. जपानी माणसाच्या आडनावामागे ‘सान’ लावलं की पुरे. जपान, कोरिया, चीन इथे आडनाव आधी येतं. पण इंग्रजीत लिहिताना काही जण क्रम उलटवतात, म्हणून एकदा विचारून घेतलेलं बरं. विचारल्याचा कोणाला राग येत नाही.

मेल छोटी ठेवा. पहिल्या ओळीत मुद्दा, मग तपशील, शेवटी ‘तुमच्याकडून अमुक तारखेपर्यंत हे हवं’. जपानला लिहिताना मात्र हवापाण्याची आणि आभाराची एक-दोन वाक्यं आधी टाका.

आकड्यांत खरा पैसा बुडतो. जर्मनी, इटली, फ्रान्स या देशांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. जर्मन कागदावर १.२५० असं दिसलं तर ते एक हजार दोनशे पन्नास असू शकतं आणि १,२५० म्हणजे सव्वा. ड्रॉइंगवर ०,०२ मिमी टॉलरन्स (मापात चालणारा फरक) दिसला तर तो छपाईचा दोष समजू नका. लाख-कोटी कोटेशनमध्ये लिहू नका आणि १,००,००० असे गटही पाडू नका, हजाराहजाराने पाडा. ०४/०५/२०२६ ही तारीख आपल्यासाठी ४ मे आणि अमेरिकनासाठी ५ एप्रिल. म्हणून महिना अक्षरांत लिहायचा, सगळ्या कागदांवर, अपवाद नको. जर्मन ग्राहक बऱ्याचदा तारखेऐवजी आठवड्याचा क्रमांक देतो: ‘केडब्ल्यू ३२’ म्हणजे वर्षाचा बत्तिसावा आठवडा, सोमवारपासून मोजलेला. नियोजन बघणाऱ्याच्या टेबलासमोर आठवड्यांचे क्रमांक असलेलं कॅलेंडर टांगा.

पायरी ४: त्यांचा होकार आणि नकार ओळखा

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात आणि ते महिनोन्‌महिने कळत नाहीत.

जपानी माणूस मीटिंगमध्ये सारखा ‘हाय, हाय’ (म्हणजे ‘हो, हो’) म्हणतो. त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की मी ऐकतोय. ‘आम्ही यावर विचार करू’ किंवा ‘हे जरा अवघड आहे’ असं म्हणून त्याने दातांतून श्वास आत ओढला तर तो सहसा नकार समजा. शांतता पडली तर ती भरायला धावू नका. आपल्याला तीन सेकंदांची शांतता सोसत नाही आणि आपण आपणहून भाव दोन टक्के खाली आणतो. समोरचा फक्त विचार करत असतो.

जपानी कंपनीत निर्णय टेबलावर होत नाही. आधी संबंधित लोकांशी एकेकट्याने बोलून जमीन तयार करतात, त्याला ‘नेमावाशी’ म्हणतात. मग प्रस्तावाचा कागद विभागाविभागांत फिरून शिक्के गोळा करतो. म्हणून सुरुवातीचे काही महिने काहीच हलत नाही असं वाटतं आणि एकदा होकार आला की सगळं एकदम धावू लागतं. त्या सुस्त काळात दर आठवड्याला ‘एनी अपडेट?’ विचारून काही मिळत नाही. त्यापेक्षा त्यांनी विचारलेल्या प्रत्येक बारीक प्रश्नाचं लेखी उत्तर द्या, सहा जणांनी तोच प्रश्न विचारला तरी. ते उत्तर त्या फिरणाऱ्या कागदाला जोडलं जातं.

जर्मन माणूस याच्या अगदी उलट. तो पहिल्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणेल, ‘तुमची ही प्रक्रिया बरोबर नाही.’ आपल्या मालकाचा चेहरा उतरतो, सुपरवायझर खाली बघतो, चहा गार होतो. त्याने प्रक्रियेबद्दल बोललंय, तुमच्या घराण्याबद्दल नाही. दहा मिनिटांनी तोच माणूस हसत जेवायला येईल. त्यावर सारवासारव न करता दोनच गोष्टी बोला: हे बरोबर आहे की नाही, आणि नसेल तर पुरावा. डच माणूस याहूनही सरळ.

इंग्रज मात्र फसवतो. ‘व्हेरी इंटरेस्टिंग’ म्हणाला तर आनंदू नका, बहुतेक त्याला पटलेलं नसतं. अमेरिकन आधी दोन गोष्टींचं तोंड भरून कौतुक करून मधे एक वाक्य टाकतो. कामाचं वाक्य तेच असतं. आखातात तोंडावर नकार देणं असभ्य मानतात, म्हणून ‘इन्शाअल्ला’ कोणत्या सुरात आलं आणि त्याच्यामागे तारीख आली का, ते बघा. तारीख आली तर काम होतंय.

आता आपलं. मान हलवण्याची आपली पद्धत परदेशी माणसाला अजिबात कळत नाही. त्याला ती कधी हो वाटते, कधी नाही. व्हिडिओ कॉलवर मानेने बोलू नका, तोंडाने हो किंवा नाही म्हणा. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, उद्या १२ पर्यंत सांगतो’ म्हणा. हे वाक्य म्हणायला आपल्याला जड जातं आणि परदेशी ग्राहकाला ते सगळ्यात जास्त आवडतं. कॉल संपल्यावर तासाभरात पाच ओळींची मेल पाठवा: काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत, आणि काय ठरलं नाही. शेवटचा मुद्दा विसरू नका.

पायरी ५: भावाची बोलणी

आखातात घासाघीस होणार हे दोन्ही बाजूंनी गृहीत असतं. पहिला भाव थोडी जागा ठेवून द्या. आधी चहा-कॉफी, घरची खुशाली, मग धंदा. कॉफीचा छोटा कप पुन्हापुन्हा भरला जातो. पुरे असेल तर कप हलकेच हलवून परत द्यायचा. खुशाली विचारताना बायकोची चौकशी करू नका, ‘घरचे सगळे बरे?’ एवढं पुरतं. उजव्या हाताने घ्यायचं-द्यायचं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळापासून अंगात मुरलेली उर्दू मिसळलेली बोली आणि पाहुण्याला बसवून घेण्याची सवय इथे कामी येते. माझ्या मते आपल्या व्यापाऱ्याला सगळ्यात सोपा परदेश आखातच आहे, तरी सगळे आधी जर्मनीकडे बघतात.

जर्मनीत तीच युक्ती उलटते. पहिला भाव वीस टक्के चढा लावून मग उतरवलात तर तो खूश होत नाही. आधीचा आकडा खोटा होता का, असं विचारतो. तो खर्चाचा तपशील मागेल: कच्चा माल, मशिनचा वेळ, पॅकिंग, वाहतूक. तो तयार ठेवा. जपानी वाहन उद्योगात पुरवठादाराने दरवर्षी भाव थोडा कमी करत न्यावा अशी अपेक्षा असते, पहिल्या वर्षीचा भाव ठरवतानाच त्याचा विचार करा. चिनी ग्राहकाला करारावर सही झाल्यावरही बोलणी चालू ठेवायला संकोच वाटत नाही. अमेरिकन वकील चाळीस पानी करार पाठवेल. तो वाचायला पैसे देऊन माणूस लावा, सही करून पाठवू नका.

एक कायद्याचा मुद्दा इथेच. आंतरराष्ट्रीय मालविक्रीबद्दल १९८० चा संयुक्त राष्ट्रांचा करार आहे, त्यात भारत सामील नाही. म्हणून वाद झाला तर कोणता कायदा आणि कुठे लवाद, हे करारात लिहूनच घ्या. आणि ‘एफओबी’ (माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आणि जोखीम आपली) लिहिलंत तर पुढे बंदराचं नाव आणि ‘इनकोटर्म्स २०२०’ (अशा अटींचे आंतरराष्ट्रीय अर्थ ठरवणारी नियमावली) हेही लिहा.

पायरी ६: पाहुणा शेडवर येतो तेव्हा

शाल-श्रीफळ, फेटा, कुंकू, ढोल हे सगळं एकदम नको. एक साधा हार किंवा फूल पुरे. कपाळाला हात लावण्याआधी विचारा. ऑडिटला आलेला माणूस ठरलेल्या वेळापत्रकाने चालतो. स्वागतात पाऊण तास गेला तर तो पाऊण तास त्याच्या शॉप फ्लोअरच्या फेरीतून कापला जातो आणि मग त्याला शंका येते की काही लपवताय का.

जपानी पाहुणा कार्ड दोन्ही हातांनी देईल. दोन्ही हातांनी घ्या, वाचा, टेबलावर समोर ठेवा. त्यावर पेनाने लिहू नका, मागच्या खिशात कोंबू नका. कोरियन पाहुण्यांत वय आणि हुद्द्याचा मान मोठा असतो, तेव्हा बसण्याची जागा आणि हात मिळवण्याचा क्रम त्यांच्यातल्या ज्येष्ठापासून.

जेवणात आग्रह थांबवा. ‘अजून एक घ्याच’ हे आपल्याला प्रेम वाटतं. ताटात अन्न टाकायचं नाही असं शिकलेल्या जपानी माणसाला ती शिक्षा होते. तिखट वेगळं ठेवा. येसर आमटी त्याला चाखू द्या, पण त्याच्याबरोबर साधा भात-दही असू द्या. शाकाहारी आहे का, डुक्कर-गोमांस चालतं का, मद्य घेतो का, हे आधी मेलवर विचारा. बाटलीबंद पाणी आणि स्वच्छ संडास या दोन गोष्टींवर मीटिंग हॉलच्या फर्निचरपेक्षा आधी खर्च करा.

पाहुण्याला लेणी दाखवायची असतील तर वार बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. भेट म्हणून हिमरूची शाल उत्तम: हलकी, इथली, कोणाच्या धर्माला न दुखावणारी. आखातातल्या पाहुण्याला देवाची मूर्ती नको. चिनी माणसाला घड्याळ नको. जपानी-चिनी पाहुण्यांना चारचा संच नको, कारण त्या आकड्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा आहे. जर्मन-अमेरिकन कंपन्यांत भेटवस्तूंच्या किमतीला मर्यादा असते, म्हणून महागडी पैठणी दिलीत तर त्या माणसाला ती आपल्या कार्यालयात जाहीर करावी लागेल किंवा परत करावी लागेल.

आणि आपला क्वालिटीवाला? पाहुणा थेट ऑपरेटरला प्रश्न विचारतो, हे ठरलेलंच. मालकाने मधे पडून उत्तर दिलं की पाहुण्याच्या वहीत एक खूण होते. आदल्या दिवशी सगळ्यांना बसवून सांगा की तुला विचारलं तर तूच बोल, मराठीत बोल, भाषांतर आपण करू. आणि मग खरोखर गप्प राहा.

पायरी ७: वाईट बातमी

समजा मंगळवारी दुपारी लक्षात आलं की उष्णता प्रक्रियेहून परत आलेल्या बॅचचा कडकपणा (हार्डनेस) कमी आहे. शुक्रवारी माल जेएनपीए बंदरात जायचाय. आपल्याकडे काय होतं? ऑपरेटर सुपरवायझरला सांगत नाही, कारण आधी शिव्या बसतील. सुपरवायझर बुधवारी मालकाला सांगतो, तेही ‘थोडा प्रॉब्लेम आहे, बघतोय’ असं. मालक गुरुवारी पुन्हा प्रक्रिया करून बघतो. ग्राहकाला शुक्रवारी संध्याकाळी कळतं, तेही त्याने विचारलं म्हणून. यात खोटं कोणीच बोललेलं नाही. प्रत्येकाने आपल्या वरच्याला त्रास होऊ नये, उपाय हातात आल्यावरच सांगावं, एवढाच विचार केला. आपल्या घरांमध्येही आजारपण असंच सांगितलं जातं. जर्मनीत मात्र याचा अर्थ लागतो की मंगळवारी माहीत असून यांनी लपवलं.

त्यांना उपाय नंतर चालतो, बातमी आधी हवी. मंगळवारी कळलं असतं तर त्यांनी आपला क्रम बदलला असता, दुसरीकडचा साठा वापरला असता. जपानी कामाच्या पद्धतीत तर यालाच पाया मानतात: कळवणं, संपर्क ठेवणं, सल्ला घेणं. आणि टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला तर साधा कामगारही दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. थांबवल्याबद्दल त्याला बोलणी बसत नाहीत.

म्हणून एक लेखी नियम करा. शंका आल्यापासून चार तासांत मालकापर्यंत, चोवीस तासांत ग्राहकापर्यंत. पहिल्या मेलमध्ये एवढंच लिहा: काय दिसलं, किती नगांत, अजून काय माहीत नाही, पुढची खबर कधी. माफीची लांबण नको. जपानी ग्राहकाला मात्र माफीचं एक वाक्य पहिल्याच ओळीत हवं, कारणं द्यायच्या आधी. तिथे आधी कारण दिलं की ते सबब ठरतं.

त्यानंतर ‘आठ-डी’ अहवाल मागतील, म्हणजे दोषाचं मूळ कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा कागद. ही पद्धत १९८० च्या दशकात फोर्डने रूढ केली, आज वाहन उद्योगात ती सगळीकडे आहे. त्यात ‘का’ हा प्रश्न पाच वेळा विचारायचा असतो. आपल्या शेडमध्ये ‘असं का झालं?’ विचारलं की सगळ्यांना ‘हे कोणी केलं?’ असंच ऐकू येतं. मग उत्तर येतं ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ आणि उपाय येतो ‘ऑपरेटरला समज दिली’. हा अहवाल परत येणार, लिहून घ्या. ऑपरेटरला चूक करता आलीच कशी, गेज तिथे का नव्हतं, रात्रपाळीत प्रकाश पुरेसा होता का, असं खाली उतरत जावं लागतं. हे जमण्यासाठी चूक सांगणाऱ्याला निदान पहिले सहा महिने कोणीही ओरडायचं नाही, असा नियम मालकाला स्वतःवर लावून घ्यावा लागतो. दोन तारखांमधलं ते पहिल्या पायरीतलं अंतर यानेच कमी होतं. सॉफ्टवेअरने होत नाही.

शेतमालात हेच पण आणखी कडक. युरोपने २०१० मध्ये क्लोरमेक्वॉट या वाढ नियंत्रकाच्या अंशांवरून भारतीय द्राक्षं अडवली होती, त्याची आठवण बागायतदारांना अजून आहे. फवारणीच्या नोंदीत गडबड झालीय हे पॅकहाउसमध्ये कळलं तर तो कंटेनर भरू नका, आणि खरेदीदाराला त्याच दिवशी सांगा.

पायरी ८: दोन्हीकडची कॅलेंडरं एका भिंतीवर

त्यांच्या सुट्ट्या: इटली ऑगस्टमध्ये जवळजवळ बंद, स्वीडन जुलैमध्ये, जर्मनी २४ डिसेंबरपासून नव्या वर्षापर्यंत. जपान एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला, शिवाय ऑगस्टच्या मध्यावर ओबोन या पूर्वजांच्या सणाला. चीन जानेवारी-फेब्रुवारीतल्या नववर्षाला, आणि तिथले कामगार परतायला आणखी दिवस घेतात. रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस आधी सरकतो, त्या महिन्यात आखातात कामाचे तास कमी होतात. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार, शुक्रवारी अर्धा दिवस.

आता आपल्या सुट्ट्या त्यांना कळवा. हे बहुतेक जण करत नाहीत. दिवाळी त्यांना ऐकून माहीत असते. महालक्ष्म्यांना तीन दिवस शेड अर्धी रिकामी असते, पोळ्याला गाव गाठायचं असतं, सोयाबीन काढणीला ऑक्टोबरात कामगार परत जातात, हे त्यांना कसं कळणार? लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला बाजार ओस पडतो, सगळी माणसं शेतात आंबील-भज्जी खायला. ती येते डिसेंबर-जानेवारीत, नेमकी युरोपचा ग्राहक ख्रिसमसच्या आत किंवा नवं वर्ष उघडताच माल मागतो तेव्हा. जानेवारीतच वर्षाची यादी इंग्रजीत करून पाठवा. ‘या आठवड्यात आमची क्षमता निम्मी असेल, म्हणून त्याआधी माल काढू’ असं सांगितलेलं कोणालाही खटकत नाही. ऐन वेळी ‘लेबर नाही’ सांगितलेलं सगळ्यांना खटकतं.

पायरी ९: माणूस बदलला की

जपानी कंपन्यांत एप्रिलमध्ये बदल्या होतात. वर्षभर जुळलेला माणूस एक दिवस नव्या माणसाला घेऊन ओळख करून द्यायला येतो, किंवा मेल पाठवतो. युरोपात तो नोकरीच बदलतो. तोंडी ठरलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं: अमुक ओरखडा चालवून घेऊ, पॅकिंगमध्ये एवढी सूट देऊ. म्हणून अशी प्रत्येक सवलत त्याच वेळी मेलवर पक्की करून त्या एका पानाच्या मागे टोचून ठेवा. नवा माणूस आला की आठवड्याभरात त्याला अर्धा तास मागा आणि हे कागद त्याच्यासमोर स्वतःहून ठेवा, त्याला ते मागच्याच्या फाइलमध्ये सापडण्याआधी.

आपल्याकडेही माणूस बदलतो. मेल लिहिणारा पुतण्या पुण्याला जातो, क्वालिटीवाली मुलगी लग्न होऊन नांदेडला जाते. तेव्हा ग्राहकाला निदान दोन आठवडे आधी नाव, फोन आणि तारीख कळवा. नव्या माणसाला जाणाऱ्याबरोबर किमान एका कॉलवर बसवा, आणि दोन तारखांची ती वही त्याच्या हातात द्या.